यॉर्कचा तारानिरीक्षक

मार्गशीर्षातील एखाद्या निरभ्र रात्री नऊच्या सुमारास अंगणात उभे राहून माथ्यापासून थोडे उत्तरेकडे पाहिले, म्हणजे ययाती नावाचा तारकासमूह दिसतो. शर्मिष्ठेची पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी ओळ ज्यांना ओळखता येते, त्यांना तिच्या शेजारचा ययाती सापडण्यास वेळ लागत नाही. या समूहात अल्गोल नावाचा एक तेजस्वी तारा आहे. अरब लोकांनी त्याला राक्षसाचे मस्तक मानले होते, आणि त्यावरूनच त्याचे हे नाव पडले. एरवी हा तारा शेजारच्या ताऱ्यांसारखाच शांतपणे चमकत असतो. परंतु तीन दिवसांहून थोड्या कमी अवधीने एकदा त्याचे तेज मंदावू लागते. चारपाच तासांत ते पूर्वीच्या एकतृतीयांशाहूनही कमी होते आणि पुढील तितक्याच तासांत तारा पुन्हा पूर्ववत् होतो. हजारो वर्षे माणसे या ताऱ्याकडे पाहत आली. पण त्याच्या या मंदावण्याला ठराविक वेळ आहे, हे जगाला प्रथम दाखवून दिले ते अवघ्या अठरा वर्षांच्या एका कर्णबधिर तरुणाने. त्याचे नाव जॉन गुडरिक.

जॉनचा जन्म १७ सप्टेंबर १७६४ रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगेन या शहरी झाला. त्याचे वडील हेन्री गुडरिक हे इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील एका जुन्या सरदार घराण्यातील होते. अगदी लहान असतानाच जॉनला मोठे दुखणे आले. त्यातून तो वाचला, पण त्याची श्रवणशक्ती कायमची गेली. आईची हाक, पक्ष्यांची किलबिल, देवळातील घंटेचा नाद, यांतले काहीच त्याला पुढे कधी ऐकू आले नाही.

ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याला विद्या देता येत नाही, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. अशी कितीतरी मुले जन्मभर निरक्षर राहत. जॉनच्या आईवडिलांनी मात्र ही समजूत मानली नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात टॉमस ब्रेडवुड नावाच्या शिक्षकाने कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली होती. तेथे मुलांना लिहावाचावयास शिकवीत, बोलणाऱ्याच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखण्याची सवय लावीत आणि बोलावयासही शिकवीत. जॉनला या शाळेत घालण्यात आले. तेथे त्याची इतकी चांगली तयारी झाली की, १७७८ मध्ये तो वॉरिंग्टन येथील विद्यालयात दाखल झाला. हे विद्यालय ऐकू येणाऱ्या मुलांचे होते. तरीही जॉन तेथे मागे पडला नाही. गणितात तर त्याने विशेष प्रावीण्य मिळविले.

वॉरिंग्टनचे शिक्षण संपवून १७८१ मध्ये जॉन यॉर्क शहरी आपल्या घरी परतला. यॉर्कच्या प्रचंड जुन्या चर्चच्या अगदी मागच्या बाजूस एक मोठा वाडा आहे. त्या वाड्यात गुडरिक कुटुंब राहत असे. योगायोगाने त्याच सुमारास नॅथॅनिएल पिगट नावाचे ज्योतिर्विद यॉर्कमध्ये येऊन राहिले होते आणि त्यांनी आपल्या बागेत एक वेधशाळा उभारली होती. त्यांचा मुलगा एडवर्ड हाही वडिलांसारखाच आकाशाचा अभ्यासक होता. एडवर्ड जॉनपेक्षा सुमारे अकरा वर्षांनी मोठा. परंतु वयाचे अंतर आणि जॉनचे बहिरेपण यांपैकी काहीही त्यांच्या मैत्रीच्या आड आले नाही. एकाला जे दिसे ते तो दुसऱ्याला कळवी, आणि दुसरा ते स्वतः पाहून ताडून घेई. आकाश पाहण्यास कान लागत नाहीत. लागतात ते डोळे आणि त्यांहूनही अधिक लागतो तो धीर. जॉनपाशी या दोन्ही गोष्टी होत्या. १७८१ च्या नोव्हेंबरात त्याने आपली निरीक्षणाची वही लिहिण्यास प्रारंभ केला.

एडवर्ड पिगटला विशेष जिज्ञासा होती ती रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांची. त्या वेळी असे तारे फार थोडे माहीत होते. अल्गोल क्वचित् मंद दिसतो, ही गोष्ट माँटानारी नावाच्या इटालियन ज्योतिर्विदाने सतराव्या शतकातच नोंदविली होती. परंतु तो केव्हा मंदावतो, किती वेळ मंद राहतो, पुन्हा तसा केव्हा होतो, याचा कोणी पाठपुरावा केला नव्हता. एडवर्डच्या सांगण्यावरून जॉनही अशा संशयित ताऱ्यांवर नजर ठेवू लागला.

ताऱ्याचे तेज मोजण्याचे कोणतेही यंत्र तेव्हा नव्हते. ज्योतिर्विद ताऱ्यांच्या प्रती ठरवीत. सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे, त्याहून थोडे मंद ते दुसऱ्या प्रतीचे, आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे ते सहाव्या प्रतीचे. पण एखाद्या ताऱ्याकडे एकट्याने पाहून त्याचे तेज किती आहे हे सांगणे कठीण असते. धुके असले, चंद्रप्रकाश असला, किंवा डोळे थकलेले असले, तरी तारा मंद भासतो. यावर उपाय एकच. त्या ताऱ्याची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करावयाची. अमक्या ताऱ्याहून हा तेजस्वी आहे, तमक्याहून मंद आहे, असे लिहून ठेवावयाचे, आणि त्यापुढे दिवस व वेळ नोंदवावयाची. धुक्याने सगळेच तारे सारखे मंद होतात. एकच तारा शेजाऱ्यांच्या मानाने मंद झाला, तर बदल त्या ताऱ्यातच झाला असे समजावयाचे. कागदावर ही रीत सोपी दिसते. परंतु इंग्लंडच्या हिवाळ्यात, उघड्या खिडकीपाशी, रोज रात्री तेच तारे पुनःपुन्हा पाहणे हे सोपे काम नव्हे.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री जॉनने नेहमीप्रमाणे अल्गोलकडे पाहिले आणि तो चकित झाला. एरवी दुसऱ्या प्रतीचा असणारा हा तारा त्या रात्री चौथ्या प्रतीच्या सुमारास उतरला होता. आपण पाहतो ते खरे आहे, यावर त्याचा सहजासहजी विश्वास बसेना. हा डोळ्यांचा दोष तर नसेल, किंवा हवाच अस्वच्छ नसेल ना, अशी शंका त्याच्या मनात आली. म्हणून तो बराच वेळ पाहत राहिला. शेजारचे तारे नित्याप्रमाणे चमकत होते. मंद होता तो एकटा अल्गोल. दुसऱ्या दिवशी रात्री पाहावे तो अल्गोल पूर्ववत् तेजस्वी!

येथे एखाद्या उतावळ्या माणसाने आपल्या शोधाचा डांगोरा पिटला असता, आणि एखाद्या आळशी माणसाने ही आकाशाची काही गंमत असेल असे म्हणून वही मिटली असती. जॉनने यांपैकी काहीच केले नाही. एका रात्रीच्या निरीक्षणाने कोणतीही गोष्ट सिद्ध होत नाही, हे त्याला माहीत होते. हवा स्वच्छ असेल त्या त्या रात्री तो अल्गोलची नोंद करीत राहिला. दिवसांमागून दिवस गेले. दीड महिना अल्गोलने त्याला काहीच दाखविले नाही. अखेर २८ डिसेंबरच्या सायंकाळी तो तारा पुन्हा मंद दिसला, आणि जॉनच्या डोळ्यांदेखत तीनएक तासांत त्याचे तेज परत आले. आता मात्र शंकेला जागा उरली नाही.

मग मधल्या दीड महिन्यात अल्गोल मंदावला नव्हता काय? तसे नव्हे. या अवधीत त्याच्या सोळा फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या; पण जॉनला त्या दिसल्या नव्हत्या. याचे कारण समजण्यासारखे आहे. अल्गोल आज रात्री नऊ वाजता अत्यंत मंद झाला असे समजा. त्यानंतर तो २ दिवस, २० तास व सुमारे ४९ मिनिटांनी पुन्हा तसाच होतो. म्हणजे तीन दिवसांनी रात्री नऊ वाजता नव्हे, तर त्याच दिवशी सायंकाळी सहाला काही मिनिटे कमी असताना. त्याच्या पुढची पाळी येते ती आणखी तीन दिवसांनी, दुपारी अडीचच्या सुमारास. तेव्हा तर भर उन्हात तारा कसा दिसावा? अशा रीतीने काही पाळ्या दिवसा येतात, काही उत्तररात्री येतात, आणि ज्या सोयीच्या वेळी येतात त्यांतल्या कित्येक ढगांमुळे वाया जातात. आकाशाने लपविलेला हा हिशेब जॉनला उलगडावयाचा होता.

१७८३ च्या आरंभीचे महिने त्याने या कामी घालविले. एडवर्ड पिगटही आपल्या जागेवरून तोच तारा पाहत होता. पुरेशा पाळ्या हाती आल्यावर जॉनने दोन दूरच्या पाळ्यांमधील काळ घेतला आणि त्याला मधल्या फेऱ्यांच्या संख्येने भागले. निरीक्षणात पाच-दहा मिनिटांची चूक झाली असली, तरी ती अनेक फेऱ्यांत वाटली जाऊन अगदी लहान होते, ही त्या युक्तीतली खुबी होती. भागाकाराचे उत्तर आले २ दिवस व सुमारे पावणेएकवीस तास. आजच्या सूक्ष्म यंत्रांनी मोजलेल्या कालाशी ते ताडून पाहिले, तर फरक अवघ्या काही मिनिटांचा निघतो. आणि हे सर्व झाले ते नुसत्या डोळ्यांनी व एका घड्याळाच्या साह्याने!

परंतु तारा मंद का होतो? जॉनने याची दोन संभाव्य कारणे सुचविली. एक असे की, अल्गोलभोवती एखादा मोठा गोल फिरत असावा आणि तो आपल्या व ताऱ्याच्या मध्ये आला की ताऱ्याला ग्रहण लागत असावे. दुसरे असे की, अल्गोलच्या पृष्ठभागाच्या एका बाजूवर काळे डाग असावेत आणि तारा स्वतःभोवती फिरताना ती बाजू ठराविक वेळाने आपल्याकडे येत असावी. या दोहोंपैकी खरे कोणते, हे ठरविण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते. म्हणून जॉनने जे पाहिले ते निश्चयाने सांगितले, आणि जे केवळ अनुमान होते ते अनुमान म्हणूनच मांडले.

आपली हकीकत त्याने केंब्रिजचे प्राध्यापक अँटनी शेफर्ड यांना पत्राने कळविली. १५ मे १७८३ रोजी ते पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आले. विद्वानांच्या त्या सभेत मोठी खळबळ उडाली. थोर ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांनी आपली उत्तम दुर्बीण अल्गोलकडे वळविली, पण त्यांना तारा एकटाच दिसला. शेजारी दुसरा गोल दिसला नाही. तथापि ताऱ्याचे मंदावणे कोणालाही नाकारता येईना. जॉनच्या कोष्टकाप्रमाणे ठरल्या वेळी आकाशाकडे पाहावे, आणि तारा ठरल्याप्रमाणे मंद व्हावा, याहून मोठा पुरावा कोणता? त्याच वर्षी रॉयल सोसायटीने आपले सर्वोच्च मानचिन्ह, कॉप्ली पदक, जॉनला दिले. त्या वेळी त्याचे वय होते अवघे एकोणीस वर्षांचे.

पदक मिळाले म्हणून जॉनने वही बाजूला ठेवली नाही. १० सप्टेंबर १७८४ ची रात्र तर या दोघा मित्रांच्या आयुष्यात संस्मरणीय ठरली. त्या एकाच रात्री जॉनला स्वरमंडळ समूहात, तर एडवर्डला गरुड समूहात, तेज बदलणारा एकेक नवा तारा सापडला. स्वरमंडळातील ताऱ्याचा फेरा जॉनने प्रथम साडेसहा दिवसांच्या सुमाराचा मानला. पुढे अधिक निरीक्षणे केल्यावर त्याच्या ध्यानात आले की, हा तारा एका फेऱ्यात दोनदा मंदावतो आणि त्या दोन मंदावण्यांत फरक आहे. म्हणून खरा फेरा जवळजवळ दुप्पट, सुमारे १२ दिवस १९ तासांचा आहे. आपले पहिले उत्तर चुकले हे उघडपणे सांगून त्याने दुसरे दिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वृषपर्वा समूहातील एका ताऱ्याचे तेज ५ दिवस व सुमारे पावणेनऊ तासांच्या फेऱ्याने कमीजास्त होते, हेही त्याने शोधून काढले. हा तारा झपाट्याने तेजस्वी होतो आणि सावकाश मंदावतो.

हे नवे तारे अल्गोलसारखे थोडा वेळच मंदावत नव्हते. त्यांचे तेज सतत बदलत होते. त्यामुळे ग्रहणाच्या कल्पनेविषयी जॉनचे मन साशंक झाले आणि काळ्या डागांची कल्पना त्याला अधिक पटू लागली. आज आपल्याला ठाऊक आहे की, अल्गोलपुरती त्याची ग्रहणाची पहिली कल्पनाच बरोबर होती. तरी यामुळे त्याच्या कामाला उणेपणा येत नाही. त्याचे अनुमान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुकले. त्याच्या नोंदी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

१७८६ च्या एप्रिल महिन्यात रॉयल सोसायटीने जॉन गुडरिकला आपले सदस्यत्व दिले. परंतु तो मान भोगण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २० एप्रिल १७८६ रोजी, आजाराने त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याला बावीसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्याच्या निरीक्षणाची सारी कारकीर्द पाच वर्षांचीही भरली नाही.

जॉन गेला, पण त्याने विचारलेला प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. १८८९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे हेर्मान फोगेल या शास्त्रज्ञाने अल्गोलच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. तेव्हा असे दिसून आले की, अल्गोल काही काळ आपल्याकडे येतो आणि काही काळ आपल्यापासून दूर जातो. आणि त्याच्या या ये-जा करण्याचा फेरा गुडरिकने सांगितला तेवढ्याच अवधीचा आहे. तारा एकटा नव्हता. त्याचा एक मंद जोडीदार होता, दोघे एकमेकांभोवती फिरत होते, आणि हा जोडीदार पुढे आला की अल्गोलला ग्रहण लागत होते. जो गोल हर्शेलच्या दुर्बिणीलाही दिसला नव्हता, त्याचा माग एका तरुणाने केवळ प्रकाशाच्या चढउतारावरून लावला होता.

वृषपर्व्यातील ताऱ्याने तर ज्योतिषशास्त्राला एक मोजपट्टीच दिली. हा तारा ग्रहणामुळे नव्हे, तर स्वतः फुगत व आकसत असल्यामुळे तेज बदलतो. अशा ताऱ्याचा फेरा जितका मोठा, तितके त्याचे खरे तेज अधिक असते, हा नियम अमेरिकेतील हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढला. त्यावरून दूरदूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजता येऊ लागली.

जॉनची रीत आजही जुनी झालेली नाही. शौरी तारकासमूहात एक अंधुक तारा आहे. तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही. त्याचे तेज बदलते हे १९३६ मध्येच नोंदले गेले होते, पण त्याचे कारण कोणास ठाऊक नव्हते. १९७० च्या डिसेंबरात उहुरू नावाचा उपग्रह आकाशात सोडण्यात आला. या उपग्रहाला शौरी समूहातून क्ष-किरण येत असल्याचे आढळले, आणि ते किरण १.७ दिवसांच्या फेऱ्याने झाकले जात होते. शास्त्रज्ञांनी त्या अंधुक ताऱ्याचे तेज दुर्बिणीतून मोजले, तो त्याचाही फेरा नेमका तेवढाच निघाला! त्या ताऱ्याचा जोडीदार हा एक न्यूट्रॉन तारा आहे. त्याचा व्यास एखाद्या शहराएवढा, पंचवीसएक किलोमीटरांचा. पण त्यात सूर्याहूनही अधिक द्रव्य ठासून भरलेले आहे. त्याच्यापासून निघणाऱ्या क्ष-किरणांनी शेजारच्या मोठ्या ताऱ्याची एक बाजू तापून उजळते. उजळलेली बाजू आपल्याकडे आली की तारा तेजस्वी दिसतो, आणि ती पलीकडे गेली की मंद दिसतो. या दोन अवस्थांतील तेजात सुमारे चौपट अंतर पडते. पुढे वेधशाळांनी जपून ठेवलेल्या जुन्या काचेच्या छायाचित्रांतून हा तारा शोधून पाहण्यात आला. तेव्हा असे कळले की, पूर्वी काही वर्षे त्याचा हा चढउतार जवळजवळ थांबलाच होता. ज्यांनी ती छायाचित्रे घेतली, त्यांना या ताऱ्याच्या जोडीदाराची काहीच कल्पना नव्हती. तरी त्यांनी दिनांक घालून ठेवलेली प्रत्येक काच पुढच्या पिढीच्या उपयोगी पडली.

आज यॉर्कच्या विद्यापीठातील एका महाविद्यालयाला गुडरिकचे नाव देण्यात आलेले आहे. पण त्याचे खरे स्मारक आकाशातच आहे आणि ते पाहण्यास यॉर्कला जावे लागत नाही. मार्गशीर्षातील रात्री आपणही ययातीतील अल्गोल शोधावा, शेजारच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करावी, आणि जे दिसेल ते दिवस व वेळ घालून वहीत लिहून ठेवावे. काही रात्री काहीच वेगळे दिसणार नाही, तेही लिहावे. मग एखाद्या रात्री तो तारा शेजाऱ्यांहून मंद झालेला दिसेल. १७८२ च्या नोव्हेंबरात यॉर्कच्या खिडकीतून एका मुलाने जे पाहिले, तेच त्या क्षणी आपणही पाहत असू.